अस्थिभंगोपचार व पुनर्वसन, जाफराबाद परिसरातील

मोडलेले हाड किंवा निखळलेला सांधा मूळ जागी बसविणे, तो जुळेपर्यंत स्थिर ठेवणे आणि त्यानंतर त्या अवयवाची ताकद व हालचाल रुग्णास परत मिळवून देणे, या तीन क्रिया मिळून अस्थिभंगाचा उपचार पूर्ण होतो. पहिल्या दोन क्रियांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. तिसरीचा, म्हणजे पुनर्वसनाचा, इतिहास मात्र विखुरलेला आहे. वस्तुतः हाड जुळणे आणि माणूस बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व त्यांमधील अंतर कोणत्या काळी कोणी व कसे भरून काढले, हाच या इतिहासाचा गाभा होय. जालना जिल्ह्यातील जाफराबादच्या परिसरात हे अंतर ठळकपणे दिसते. केळणा व धामणा या नद्यांच्या संगमावर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण मराठवाड्याच्या उत्तर सीमेवर, विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे. मोठी शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये येथून नेहमीच दूर राहिली. तथापि अवयव छिन्नविच्छिन्न झालेल्या शेकडो माणसांवर एकाच वेळी उपचार करण्याचा प्रसंग महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आला असेल, तो याच केळणेच्या काठी आला.

असईची लढाई व तेथील जखमी : जाफराबादच्या पश्चिमेस सुमारे १५ किमी. वर, केळणा व जुई या नद्यांमधील दुआबात, असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याच्या हाताखालील इंग्रजी फौज यांची लढाई झाली. लढाईच्या राजकीय परिणामांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ही लढाई प्रामुख्याने तोफांची होती. शिंद्यांच्या तोफखान्याने जवळून केलेल्या माऱ्यामुळे इंग्रजी फौजेतील ४२८ लोक ठार व १,१३८ जखमी झाले. एकट्या ७४ व्या हायलँडर पलटणीत सुमारे पाचशे माणसांपैकी १० अधिकारी व १२४ शिपाई ठार झाले आणि ७ अधिकारी व २७० शिपाई जखमी झाले. मराठ्यांकडील ठार व जखमींचा आकडा सुमारे सहा हजार सांगितला जातो. पण तो अदमास आहे. जिंकणाऱ्याने आपली माणसे मोजली, हरणाऱ्याची मोजण्यास कोणी उरले नाही.

तोफगोळ्याने झालेल्या जखमेत हाडाचा चुरा होतो, कातडी व स्नायू फाटतात आणि जखमेत माती, कपड्यांच्या चिंध्या शिरतात. अशा उघड्या अस्थिभंगावर त्या काळच्या यूरोपीय शस्त्रवैद्याकडे एकच खात्रीचा समजला जाणारा उपाय होता व तो म्हणजे अवयव कापून टाकणे. संमोहक वायूंचा शोध अद्याप लागायचा होता. ईथरचा शस्त्रक्रियेतील जाहीर उपयोग १८४६ मध्ये व क्लोरोफॉर्मचा १८४७ मध्ये झाला. जंतूंची कल्पनाही नव्हती. शस्त्रवैद्याचे कौशल्य तो किती झटपट कापतो यावर मोजले जाई. शस्त्रक्रियेतून वाचलेला सैनिक नंतर पू, ताप किंवा धनुर्वात यांनी दगावण्याचा धोका मोठा होता.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरच्या संध्याकाळी, कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन पोहोचली व तिला जखमींच्या मदतीसाठी तेथेच थांबविण्यात आले. चार दिवसांनंतरही रणांगणावरून जखमी उचलण्याचे काम चालूच होते, ही नोंद पुरेशी बोलकी आहे. जखमींना ठेवावयाचे कोठे, हा पुढचा प्रश्न होता. निजाम इंग्रजांचा मित्र असूनही त्याच्या दौलताबादच्या किल्लेदाराने जखमींना किल्ल्यात घेण्याचे नाकारले. अखेर अजिंठा येथे रुग्णालय उभारण्यात आले. असईपासून अजिंठा सरळ रेषेत सुमारे ३५ किमी. आहे. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला डोलीतून, भोयांच्या खांद्यावरून, पावसाळ्याच्या अखेरच्या चिखलातून एवढे अंतर नेणे हा स्वतंत्र आघात होता. कारण बांधून स्थिर न केलेल्या हाडाची टोके प्रत्येक हिसक्यासरशी आतील मांस व रक्तवाहिन्या फाडीत असतात. शस्त्रवैद्याच्या हाती पडेपर्यंतचा प्रवास आणि त्याच्या हातून सुटल्यावरचे दिवस, या दोन टप्प्यांवर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते, हे असईच्या जखमींच्या बाबतीतही खरे होते.

जखमींच्या पुढील आयुष्याची व्यवस्था हा पुनर्वसनाचाच भाग होय. या बाबतीत शिंद्यांच्या कवायती फौजेची परंपरा उल्लेखनीय आहे. ही फौज उभारणाऱ्या बन्वा द ब्वान्य या सेनानीने जखमी सैनिकाला जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीनचार महिन्यांच्या पगाराएवढे बक्षीस, बरा होईपर्यंत चालू पगार आणि कायमचा अपंग झाल्यास आजन्म अर्धा पगार व जमीन, असे नियम घातले होते. असईला लढलेली पोलमानची पलटणे त्याच्याच कवायती फौजेतून आलेली होती. पराभवानंतर त्यांतील जखमींपैकी कितींच्या पदरी हे पडले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही; तरीसुद्धा अपंग झालेल्या माणसाचे देणे लागते, हे तत्त्व तेव्हा मान्य होते.

प्राचीन भग्नचिकित्सा : सैन्याचे शस्त्रवैद्य आले आणि गेले. खेड्यातील माणसाचे मोडलेले हाड मात्र त्यापूर्वी व त्यानंतरही हाडवैद बसवीत असे. या देशी उपचारपद्धतीचे सर्वांत जुने व सुसूत्र विवेचन सुश्रुतसंहितेत सापडते. निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात संधिमुक्ताचे (सांधा निखळण्याचे) सहा व कांडभग्नाचे (लांब हाड मोडण्याचे) बारा प्रकार दिले असून चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय उपचारांचा आहे. ओढणे, दाबणे, जागी बसविणे व बांधणे हा क्रम त्यात स्पष्ट आहे. बांधण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली किंवा बांबूच्या पट्ट्या वापराव्यात. त्यांना ‘कुश’ असे नाव आहे. थंडीत दर सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा. बंध सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असल्यास सूज, वेदना व पू होतो, हा इशाराही तेथे आहे. पाय मोडल्यास रुग्णाला फळीवर निजवून दोन्ही बाजूंस दोन-दोन व तळव्याशी एक अशा पाच खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे पाय हलत नाही. या शय्येला ‘कपाटशयन’ म्हणतात. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून नीट बसवावे, असेही सांगितले आहे.

यापेक्षाही लक्षणीय भाग हाड जुळल्यानंतरचा आहे. सांधा स्थिर होण्यास तरुणपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे सुश्रुताने म्हटले आहे. तळहाताचे हाड मोडले असेल, तर बंध सुटल्यावर रुग्णाने प्रथम मऊ मातीचा गोळा हातात धरावा, पुढे त्याहून कठीण पदार्थ धरावा व हातात बळ आले म्हणजे दगड धरावा. क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या विरोधाविरुद्ध स्नायूंना काम देणे हे आजच्या भौतिकी चिकित्सेचे (व्यायाम, मालिश, उष्णता इ. भौतिक साधनांनी करावयाच्या उपचारांचे) मूलतत्त्व आहे. प्राचीन ग्रंथांत आधुनिक शोध दाखविण्याची हौस अनेकदा हास्यास्पद ठरते. पण येथे ओढाताण करण्याची गरज नाही. मूळ सूचना साधी व स्पष्ट आहे.

हाडवैद : ग्रंथातील ही विद्या खेड्यापाड्यांत पोहोचली ती ग्रंथावाटे नव्हे, तर बापाकडून मुलाकडे हाताच्या सरावाने. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या, हळद व तेल ही हाडवैदाची साधने होत. हाडसांधी किंवा कांडवेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौधारी वेलीचा लेपही प्रचारात आहे. १९६० नंतरच्या दशकात बनारस येथे या वनस्पतीचा हाड जुळण्यावर होणारा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांनी तपासण्यात आला होता. हाडवैदाचे यश मुख्यतः साध्या, कातडी न फुटलेल्या अस्थिभंगात असे व अशी बहुतेक हाडे थोडा आधार मिळाला, तर निसर्गतःच जुळतात. शिवाय तो गावातच असे. रुग्णाला तो दर काही दिवसांनी पाहत असे, सांधा चोळून हालवून घेत असे. शहरातील रुग्णालयाला न जमणारी ही गोष्ट त्याला सहज जमे.

त्याच्या हातून होणारे नुकसानही तितकेच खरे आहे. सुजलेल्या हातावर घट्ट आवळलेल्या कामट्यांमुळे रक्तपुरवठा तुटतो. कोपराजवळ हाड मोडलेल्या लहान मुलांत याचा धोका विशेष असतो. काही तासांतच पुढील हाताचे स्नायू मरू लागतात व बोटे कायमची आखडून पंजा निकामी होतो. रिखार्ट फोन फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्याने १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले व तिला त्याचेच नाव मिळाले. कधी बोटे काळी पडून हात कापावा लागतो. घट्ट बंधाविषयीचा सुश्रुताचा इशारा परंपरेच्या ओघात कोठे गळून पडला हे सांगता येत नाही. हाडवैदाची चेष्टा करणारे आणि त्याचे गोडवे गाणारे असे दोन पक्ष आहेत. दोघेही अर्धेच चित्र पाहतात.

विश्रांती की हालचाल : एकोणिसाव्या शतकात यूरोपात या शास्त्राचा कायापालट झाला. आंटोनियस मातायसेन या डच सैनिकी वैद्याने १८५१-५२ मध्ये प्लॅस्टरचा बंध प्रचारात आणला. जोझेफ लिस्टर यांनी १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो येथे नडगीचा उघडा अस्थिभंग झालेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्‌बॉलिक अम्लाची पट्टी ठेवली व पाय न कापता तो मुलगा बरा झाला. असई येथे ज्या जखमेला करवतीखेरीज उत्तर नव्हते, तिला या दिवसापासून दुसरे उत्तर मिळाले. राँटगेन यांच्या क्ष-किरणांनी (१८९५) कातडीआडचे हाड दिसू लागले.

याच काळात एक मूलभूत वाद उभा राहिला. लिव्हरपूलचे ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांच्या मते दुखावलेल्या हाडाला व सांध्याला दीर्घ, अखंड व सक्तीची विश्रांती हवी. त्यांनी तयार केलेली लोखंडी चौकट पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या सैनिकांसाठी सर्रास वापरली गेली. अशा जखमींतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत उतरल्याचे श्रेय तिला दिले जाते. त्यात जखमांच्या सुधारलेल्या शुद्धीकरणाचाही वाटा होता, हे विसरता कामा नये. टॉमस हे वेल्समधील हाडवैदांच्या घराण्यातील होते. त्यांचे वडील शेवटपर्यंत पदवी नसलेले हाडवैदच होते. उलट, पॅरिसचे झ्यूस्त ल्यूका-शांप्योन्येर (१८४३–१९१३) हे अस्थिभंगानंतर लवकरात लवकर मालिश व हालचाल सुरू करावी, असे आग्रहाने मांडीत. ‘हालचाल म्हणजेच जीवन’ अशी त्यांची भूमिका होती.

दोन्ही मतांत तथ्य होते, याचे कारण हाड जुळण्याच्या प्रक्रियेत आहे. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. त्याच्या जागी काही आठवड्यांत मऊ, तंतुमय व कूर्चायुक्त ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) येते, पुढे तेथे कच्चे हाड तयार होते आणि ते पक्के घडण्यास कित्येक महिने लागतात. प्रौढाचे मनगट साधारण सहा आठवड्यांत जुळते, मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाला तीन ते चार महिने किंवा अधिक लागतात. हाडाला या काळात स्थैर्य हवे असते. मात्र त्याच काळात वापराविना स्नायू रोडावतात, सांध्याभोवतीची आवरणे आखडतात व चिकटतात. हाड जुळते आणि गुडघा मात्र वाकेनासा होतो. हा पेच सुटला तो हाडाला आतूनच आधार देण्याच्या युक्तीने. जर्मनीतील गेऱ्हार्ट क्युंट्शर यांनी १९३९-४० च्या सुमारास मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई बसविली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील शस्त्रवैद्यांच्या एका गटाने पट्ट्या व स्क्रू यांनी हाड घट्ट जोडून शस्त्रक्रियेनंतर लगेच सांधा हलविण्याचे तंत्र शास्त्रशुद्ध केले. हाड स्थिर व सांधा हलता, अशी ही तडजोड आहे. तिचा फायदा मात्र रुग्णाने तो सांधा खरोखरच हलविला तरच मिळतो.

महाराष्ट्रातील संस्था : पुनर्वसनाला स्वतंत्र शाखेचे स्वरूप महाराष्ट्रात युद्ध व बालपक्षाघात (पोलिओ) या दोन आपत्तींमुळे आले. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. पाठीचा कणा मोडून पंगू झालेल्या जवानांसाठी खडकी येथे १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र निघाले. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली व तिच्यातूनच हाजी अली येथील मुलांचे अस्थिरुग्णालय निर्माण झाले. १९५२ च्या सुमारास मुंबईत आलेल्या पोलिओच्या साथीनंतर, १९५३ मध्ये, के. ई. एम. रुग्णालयात भौतिकी चिकित्सेचे देशातील पहिले विद्यालय सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजी अली येथेच अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अस्थिशल्यविशारदांच्या अखिल भारतीय संघटनेचीही स्थापना झाली.

यांतील प्रत्येक संस्था मुंबईत किंवा पुण्यात होती. जाफराबाद १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. त्याच १९५६ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे रुग्णालय मराठवाड्यात ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते. जाफराबादच्या मोठ्या अस्थिभंगाच्या रुग्णाला अनेक दशके हाच जवळचा सरकारी आधार होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला व जिल्हा रुग्णालय जवळ आले. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२४ मध्येच सुरू झाले.

मराठवाड्याच्या इतिहासात असईनंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर अस्थिभंगाचे रुग्ण एकाच दिवशी दिसले, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पहाटे कोसळल्या. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिली जाते. कणा, कटी व पाय यांची मोडलेली हाडे घेऊन वाचलेल्यांची संख्या कित्येक हजार होती. मदतपथकांनी शस्त्रक्रिया केल्या व काही आठवड्यांत ती परतली. त्यानंतरची वर्षे रुग्ण व त्याचे कुटुंब यांनाच काढावी लागली.

सांप्रतची स्थिती : जाफराबादसारख्या शेतीप्रधान तालुक्यात हाडे मोडतात ती झाडावरून वा विहिरीत पडून, बैलगाडी व ट्रॅक्टर उलटून, मळणीयंत्रात हात सापडून आणि आता सर्वांत जास्त मोटारसायकलीवरून. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळे केंद्र सरकारला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला होता. वृद्ध स्त्रियांत घरातच घसरून खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग अनेक होतात. शस्त्रक्रियेचा खर्च भागविण्याची सोय राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या आरोग्य योजनेमुळे बरीच झाली. अपघातग्रस्त शेतकऱ्याला एक हात किंवा पाय निकामी झाल्यास एक लाख व मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये देण्याची तरतूदही आहे. परंतु न वाकणारा गुडघा किंवा खांद्यावर न जाणारा हात कोणत्याच रकान्यात बसत नाही. द ब्वान्यच्या नियमांत बरा होईपर्यंतचा पगार होता. शेतमजुराला आज तो कोणी देत नाही. म्हणून प्लॅस्टर निघताच, पुष्कळदा त्याआधीच, तो कामावर जातो किंवा उलट भीतीने पाय महिनोन्‌महिने जमिनीला टेकवीतच नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत.

बरे होण्याची व्याख्याही स्थळानुसार बदलते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात काटकोनापेक्षा थोडा अधिक वाकणारा गुडघा पुरेसा मानला जातो, कारण तेथे खुर्चीवर बसता आले की काम भागते. केळणेकाठच्या माणसाला मांडी घालून जेवावयाचे असते, उकिडवे बसून निंदणी-खुरपणी करावयाची असते, बांधावरून तोल सांभाळीत चालावयाचे असते. जयपूर येथे १९६८-६९ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तयार केलेल्या कृत्रिम पावलाची थोरवी यातच आहे. त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते व चिखलातही ते टिकते. पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी विकसित केलेल्या कृत्रिम गुडघ्याच्या मागेही भारतीय रुग्णाच्या शरीराची ठेवण व राहणी यांचाच विचार होता.

अशा रुग्णाला लागणारे व्यायाम अवघड नसतात. मांडीचा स्नायू ताठ करून काही क्षण धरणे, टाच अंथरुणावरून ओढीत गुडघा वाकविणे, भिंतीवर बोटे चढवीत खांदा उचलणे, कुबड्यांवरून काठीवर व काठीवरून मोकळे चालणे. हे दिवसातून तीनचार वेळा, दोन ते सहा महिने, दुखत असतानाही करावे लागते. सूज वाढली, बोटे बधिर पडली किंवा जखमेतून स्राव येऊ लागला तर लगेच वैद्याकडे जावे लागते. हे शिकविण्यास व त्यावर देखरेख ठेवण्यास शस्त्रवैद्यच हवा असे नाही, पण कोणीतरी प्रशिक्षित माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असावा लागतो. हाडवैद गावात असे; त्याची जागा घेणारे भौतिकोपचारज्ञ बहुतांशी जिल्ह्याच्या ठिकाणी व मोठ्या शहरांत आहेत आणि आठवड्यातून दोनदा तेथे जाण्याचे एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी रुग्णाला स्वतःच सोसावी लागते.